भंडारा जिल्ह्याच्या स्थळनिर्देशिका : एक साधनविचार

हस्तलिखिताच्या पुष्पिकेत आलेले गाव नेमके कोणते, हा प्रश्न शब्दकोशाने सुटत नाही. त्यासाठी स्थळनिर्देशिका लागते. मुंबई-कलकत्त्याच्या वार्षिक निर्देशिका एकोणिसाव्या शतकापासून उपलब्ध आहेत. भंडाऱ्यासाठी मात्र ते काम मुख्यतः गॅझेटियर आणि जनगणनेच्या ग्रामसूची यांवरच भागवावे लागते. ‘थॅकर्स इंडियन डिरेक्टरी’त जिल्हावार नोंदी आहेत, परंतु तिचा भर अधिकारी व व्यापारी पेढ्यांवर असल्याने शाळामास्तर, कीर्तनकार वा ग्रंथकार तेथे शोधणे बहुधा व्यर्थ ठरते.

अडचण साधनांच्या अभावाची नाही, ती कोणत्या नावाखाली शोधावीत याची आहे. भंडारा १८६१ पासून मध्य प्रांतात होता, १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात. त्यामुळे चार्ल्स ग्रँट यांचे १८७० चे अकारविल्हे गॅझेटियर आणि आर. व्ही. रसेल यांनी संपादिलेले १९०८ चे जिल्हा गॅझेटियर ‘सेंट्रल प्रॉव्हिन्सेस’ या नावाखाली, तर १९५१ ची जनगणना-पुस्तिका मध्य प्रदेशाच्या मालेत सापडते. केवळ ‘महाराष्ट्र’ असा शोध घेणाऱ्यास यांतले काहीच दिसत नाही. उलट, गोंदिया जिल्हा १९९९ मध्ये वेगळा झाला. म्हणून तिरोडा, आमगाव यांची १९९१ पर्यंतची माहिती भंडाऱ्यातच पाहावी.

जुनी इंग्रजी गॅझेटियरे इंटरनेट आर्काइव्हवर, ‘इंपीरियल गॅझेटियर’ शिकागो विद्यापीठाच्या डिजिटल साउथ एशिया लायब्ररीत, तर जनगणनेच्या पुस्तिका जनगणना कार्यालयाच्या संकेतस्थळावर पाहता येतात. १९७९ चे भंडारा गॅझेटियर राज्याच्या दर्शनिका विभागाने काढलेले आहे. यंत्राने वाचलेल्या मजकुरावर विसंबू नये. जुन्या रोमन लेखनात ‘भंडारा’ कधी ‘भ’नंतर ‘यू’ अक्षराने, कधी स्वरांवर चिन्हे देऊन छापलेला असतो, आणि शोध रिकामा परततो. पानांच्या प्रतिमा स्वतः चाळाव्यात.

या इंग्रजी साधनांच्या कितीतरी आधी मराठीत ‘स्थानपोथी’ सिद्ध झाली होती. श्रीचक्रधरांच्या वास्तव्याची गावे व देवळे नोंदवणारा हा महानुभावीय ग्रंथ कै. वि. भि. कोलते यांनी संपादिला. ‘लीळाचरित्रा’तील नीळभट भांडारेकारांचे गाव समजून घेताना त्याच्याजवळ रसेलांचे गॅझेटियर ठेवावे. एकात पायवाटेने पोहोचलेला भक्त दिसतो, दुसऱ्यात सारा वसूल करणारे सरकार.