रुग्णाला संशोधनातलं काय कळतं?

नैराश्य मोजण्यासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या पीएचक्यू-9 या प्रश्नावलीत गेल्या 2 आठवड्यांबद्दल 9 प्रश्न असतात. प्रत्येकाला 0 ते 3 गुण, आणि बेरीज 10 झाली की मध्यम नैराश्याची शंका घेतात. आता क्रोन्स किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिस झालेला माणूस डोळ्यांपुढे आणा. आतड्याला सूज, रात्रीतून चारदा संडासला उठणं, रक्त जाऊन अंगात त्राण नाही, कळ येईल या धास्तीने घास उतरत नाही. झोप, थकवा आणि भूक या तीन प्रश्नांवरच त्याचे 9 गुण होऊ शकतात. मनाबद्दल अजून काही विचारलेलंच नाही.

हे अभ्यासकाच्या नजरेतून सुटू शकतं. ज्याने त्या रात्री काढल्या आहेत, तो प्रश्नावली हातात येताच नेमकं तिथेच बोट ठेवतो. म्हणून ‘रुग्णाला संशोधनातलं काय कळतं?’ हा गैरसमज मला सगळ्यात महागात पडणारा वाटतो. रुग्णाने आकडेमोड शिकावी अशी कुणाची अपेक्षा नसते; आकडे कशाचे गोळा होताहेत, हे तो सांगू शकतो. अर्थात तोच थकवा नैराश्याचाही असू शकतो, त्यामुळे ते प्रश्न सरसकट खोडूनही चालत नाहीत. 2021 च्या एका मोठ्या आढाव्यात आतड्यांच्या दाहाच्या सुमारे 25 टक्के रुग्णांत नैराश्याची लक्षणं आढळली. त्यांतलं मनाचं किती आणि आतड्याचं किती, हे मोजमापावर ठरतं. 1983 साली इस्पितळातल्या रुग्णांसाठी तयार झालेल्या एचएडीएस प्रश्नावलीत अशी शारीरिक लक्षणं मुद्दाम टाळली आहेत. कोणती प्रश्नावली कुठे वापरायची, हा निर्णय होताना रुग्ण त्या बैठकीत हवा.

सहभाग म्हणजे चाचणीत नाव घालून संमतिपत्रावर सही करणं, असंही अनेकांना वाटतं. ते वेगळं. मी म्हणतो त्या सहभागात कशाचा शोध घ्यायचा, हे ठरवण्यात रुग्ण असतो. ब्रिटनमधली जेम्स लिंड अलायन्स 2004 पासून रुग्ण, त्यांची काळजी घेणारे आणि डॉक्टर यांना एकत्र बसवून प्रश्नांचा क्रम लावून घेते. आतड्यांच्या दाहाच्या यादीत थकवा, वेदना, आहार आणि शौचावरचा ताबा हे प्रश्न वर आले. अशा अनेक आजारांच्या याद्या तपासल्यावर 2015 मध्ये दिसलं, की त्यांत मागितलेल्या उपचारांपैकी औषधं 18 टक्केच होती; ब्रिटनमध्ये नोंदवलेल्या कंपन्यांच्या चाचण्यांत मात्र 86 टक्के.

‘नैराश्यातल्या माणसाला हे झेपणार नाही’, असं काळजीपोटीच म्हटलं जातं. गोव्यात संगाथ संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्यासाठी 6 ते 8 बैठकींचा उपचार उभा केला. तो देणारे डॉक्टर नव्हते, तर प्रशिक्षण घेतलेले स्थानिक लोक होते. उपचार पक्का करण्याआधी रुग्णांचे अनुभव विचारून त्यात बदल केले. याला बरोबरीचा सहभाग म्हणता येणार नाही, पण काय जमतं आणि काय जाचक होतं, हे नैराश्यातली माणसं नीट सांगू शकतात, एवढं त्यातून कळतं. झेपण्याची अडचण बहुधा व्यवस्थेची असते. नैराश्य आणि आतड्यांचा दाह, दोन्ही आजारांत अनेकांना सकाळच सगळ्यात जड जाते. सकाळी 8 ची बैठक ठेवली, शेजारी स्वच्छतागृह नसलं, बुडालेल्या रोजाचे पैसे दिले नाहीत, तर माणसं येणार कशी?

आपल्याकडे संशोधनाला मंजुरी देणाऱ्या नैतिकता समितीवर एक सामान्य नागरिक असावाच लागतो, त्यामुळे रुग्णांची बाजू मांडली गेली, असं मानलं जातं. हा नागरिक त्या आजाराचा रुग्ण असेलच असं नाही. शिवाय समितीपुढे आराखडा येतो तो लिहून पुरा झाल्यावर. झोप, थकवा आणि भुकेचे ते तीन प्रश्न तोवर त्यात छापलेले असतात.