आकाशाचा जमाखर्च, लेखांक 6 : मध्यरात्रीची घंटा

तंजावरहून पट्टुकोट्टैच्या रस्त्याने सुमारे 25 किलोमीटर गेलं की ओरत्तनाडु लागतं. दुसऱ्या सरफोजीराजांनी इथे आपल्या लाडक्या मुक्तांबाळच्या नावाने छत्र बांधलं. रामेश्वराच्या वाटेवरच्या यात्रेकरूंनी टेकावं, जेवावं, पुढे जावं. राजांनी 1801 साली इंग्रज रेसिडेंट बेंजामिन टॉरिनला तंजावरच्या छत्रांविषयी पत्र लिहिलं, त्यातला एक तपशील माझ्या डोक्यातून जात नाही. दिवसभर येईल त्याला जात न विचारता भात वाढायचा, आणि मध्यरात्री घंटा वाजवायची. अजून कोणी उपाशी असेल तर त्याने यावं म्हणून.

समजा, तुम्ही या छत्राचे कोठीवाले आहात. दिवेलागणीला ओसरीवरची डोकी मोजलीत, शंभर भरली. सकाळी कोठीत पाहता तर सहाशे माणसांचा तांदूळ संपलेला. आता काय मानायचं? मोजताना चुकलात? मापच खोटं? की घंटा ऐकून अंधारातून पाचशे जण आले, जेवले आणि उजाडायच्या आत वाटेला लागले? चेहरा एकाचाही दिसला नाही, पण तांदूळ खरा आहे.

विश्वातल्या कृष्णद्रव्याचा हिशेब साधारण असाच आहे, आणि प्रमाणही जवळपास हेच. दिसणारं द्रव्य एक वाटा, न दिसणारं पाच वाटे. तांदळाच्या जागी आहे गुरुत्वाकर्षण.

बुध सूर्याभोवती सेकंदाला 47 किलोमीटर वेगाने पळतो, नेपच्यून जेमतेम साडेपाच. लांब गेलं की ओढ कमी, म्हणून वेग कमी. दीर्घिकेतही काठाकडचे तारे असेच रेंगाळायला हवेत. 1970 साली व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांनी देवयानी दीर्घिकेतले वेग मोजून प्रसिद्ध केले, तर काठाकडे वेग पडतच नव्हता. फ्रिट्झ झ्विकी यांनी दीर्घिकांच्या एका समूहाबद्दल हीच तक्रार 1933 मध्येच केली होती. माणूस तिरसट होता आणि त्याच्या तक्रारीकडे बरीच वर्षं कोणी फारसं लक्ष दिलं नाही.

यातला एक ठसठशीत पुरावा आपल्या नारायणगावजवळच्या खोडदचा आहे. तिथल्या जीएमआरटी दुर्बिणीच्या 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या हायड्रोजनचा 21 सेंटिमीटर तरंगलांबीचा संदेश टिपतात. वायू आपल्याकडे येत असेल तर ही तरंगलांबी किंचित आखडते, दूर जात असेल तर ताणली जाते. त्यावरून वेग निघतो. अयेशा बेगम, जयराम चेंगलूर आणि इगोर कराचेन्त्सेव यांनी 2005 मध्ये एनजीसी 3741 या बुटक्या दीर्घिकेचा अभ्यास प्रसिद्ध केला. ताऱ्यांचा प्रकाश जिथे संपतो, त्याच्या आठपट लांबवर तिचा वायू पसरलेला आणि तिथेही तो मुकाट फिरतो आहे! तो धरून ठेवायला जेवढं वस्तुमान लागतं, ते दिसणाऱ्या प्रकाशाशी ताडून पाहिलं तर सूर्याच्या हिशेबाने शंभरपटींहून जास्त. ओसरीवर मोजकी टाळकी, आणि कोठी मात्र साफ.

माप खोटं असेल, ही शंकाही रास्त आहे. 1983 साली मोर्देहाय मिल्ग्रॉम यांनी गुरुत्वाकर्षणाचा नियमच ओढ अगदी क्षीण असते तिथे बदलतो असं सुचवलं. दीर्घिकांच्या फिरण्याला तो नियम चकित व्हावं इतका लागूही पडतो. पण दीर्घिकांचे दोन समूह एकमेकांवर आदळले, दोघांचा वायू मध्येच अडखळला आणि गुरुत्वाकर्षण मात्र वायूला मागे टाकून पुढे निघून गेलं, असं 2006 मध्ये दिसलं. दिसणाऱ्या द्रव्यातला मोठा वाटा वायूचा. ओढ त्याच्या जागी नाही, भलतीकडेच. नुसतं माप बदलून हे सुटत नाही. मी पाहुण्यांच्या बाजूचा.

कृष्णऊर्जेचं नाव सारखं असलं तरी प्रकरण निराळं आहे. बऱ्याच लेखांत दोघींना जुळ्या बहिणींसारखं एका वाक्यात बसवतात, त्याने नवख्या वाचकाचा घोटाळाच होतो. कृष्णद्रव्य ओढतं आणि गोळा होतं. कृष्णऊर्जा गोळा होत नाही. ती रिकाम्या अवकाशातच सगळीकडे सारखी असावी असं दिसतं. 1998 साली दोन गटांनी दूरचे अधिनवतारे तपासले, तर ते अपेक्षेपेक्षा मंद, म्हणजे जास्त लांब निघाले. विश्वाचं प्रसरण मंदावत नव्हतं, वाढत होतं. पर्लमटर, श्मिट आणि रीस यांना त्यासाठी 2011 चं नोबेल मिळालं. इथे पाहुणे विसरा. छत्राची वास्तूच रोज वाढते आहे आणि जमिनीचा प्रत्येक नवा हात आपला खर्च सोबत घेऊन येतो आहे, असं समजा. वास्तू जितकी मोठी, तितका हा खर्च बाकी सगळ्यावर भारी. आज एकूण हिशेबात तो सुमारे 68 टक्के, कृष्णद्रव्य 27 आणि तुम्ही-आम्ही, तारे, तांदूळ धरून 5.

कोल्हापुरात जन्मलेल्या जयंत नारळीकरांना हा सगळा मांड कधीच पटला नाही. ताळेबंद जुळवायला न पाहिलेल्या दोन रकमा लिहायच्या, हा कसला हिशेब, असा त्यांचा सूर असे. आणि त्यांना म्हणायचा हक्कही होता: हॉईल, बाँडी आणि गोल्ड यांच्या 1948 च्या ज्या स्थिरस्थिती सिद्धांताची बाजू ते मांडत, त्यात वाढत्या वेगाचं प्रसरण आधीपासूनच होतं. तो सिद्धांत इतर कारणांनी मागे पडला, पण शंकेची धार बोथट झाली नाही. अ‍ॅरिझोनातल्या डेसी प्रकल्पाच्या 2024 आणि 2025 च्या निष्कर्षांत कृष्णऊर्जा काळाबरोबर क्षीण होत असल्याच्या खुणा दिसल्या. पुरावा अजून पक्का नाही. पक्का झाला, तर जमिनीच्या प्रत्येक हाताचा खर्चही कायमचा ठरलेला धरता येणार नाही.

पुढच्या आठवड्यात जमिनीखाली उतरायचं आहे. झारखंडच्या जादूगुडा युरेनियम खाणीत 555 मीटर खोल एक प्रयोगशाळा आहे. वरचा गोंगाट गाळून, अंधारातून येणाऱ्या एखाद्या पाहुण्याची चाहूल तिथे कशी घेतात ते पाहू.