गाडीला 'पॉवर' विकण्याआधी तापमान मोजा

आजचा विषय यवतमाळ, वणी, पुसद, दारव्हा या भागातल्या गॅरेजवाल्यांसाठी आहे. आणि घरीच गाडीवर हात साफ करणाऱ्यांसाठीसुद्धा!

समजा, एक तरुण पोलो जीटी घेऊन येतो. म्हणतो, "दादा, ओपन एअर फिल्टर बसवून द्या, पिकअप पाहिजे." तुम्ही बसवून देता, पैसे घेता. मे महिन्यात तोच परत येतो. गाडी ओढत नाही, काटा लालकडे जातोय. आता सांगा, त्या व्यवहारात तुम्ही कमावलं की गमावलं?

हवेचा हिशेब

हवा तापली की विरळ होते. २५ अंशांच्या हवेपेक्षा ४५ अंशांची हवा साधारण ६ टक्के विरळ असते. बॉनेटखाली ती ६५ अंशांवर गेली की आणखी ६ टक्के घट. कंपनीचा फिल्टर बंद डब्यात असतो आणि नळीतून बाहेरची हवा घेतो. तो डबा काढला की आवाज भारी येतो, पण इंजिन स्वतःचीच गरम हवा ओढायला लागतं. टर्बो गाडीत ही तूट भरायला टर्बोला जास्त राबावं लागतं. हवा फार तापली की नॉकिंग टाळायला ईसीयू टायमिंग मागे घेतो. म्हणजे पैसे पॉवरचे गेले आणि पॉवरच कमी झाली!

मग काम कोणत्या क्रमाने करायचं?

१. मोजा. ओबीडी स्कॅनर लावा. आत जाणाऱ्या हवेचं आणि कूलंटचं तापमान दुपारी गाडी चालवून लिहून घ्या.

२. साफ करा. एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या फटीत धूळ, किडे, कापसाचे तंतू अडकतात. कमी दाबाच्या पाण्याने धुवा. जोराचा फवारा मारला तर पत्रे वाकतात.

३. कूलंट बघा. बोअरचं पाणी टाकू नका, त्यातले क्षार आत थर धरतात. कंपनीने सांगितलेलं कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटरच वापरा. गरम इंजिनावर रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका, उकळतं पाणी थेट तोंडावर येतं.

४. झाकण, फॅन, थर्मोस्टॅट तपासा. "थर्मोस्टॅट काढून टाका, गाडी थंड राहील" हा सल्ला देऊ नका. इंजिन नीट तापत नाही, पेट्रोल जास्त पितं. बिघडला असेल तर बदला.

५. शेवटी इनटेक. डबा बंदच ठेवा, चांगला फिल्टर टाका, नळीचे सांधे घट्ट करा. नळीचं तोंड बंपरखाली नेऊ नका. पावसाळ्यात नाल्याचं पाणी इंजिनात गेलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

कागदही बघा

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ रचनेत परवानगीशिवाय बदल करू देत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. वॉरंटी आणि विम्याचा प्रश्न वेगळाच. हे ग्राहकाला काम हातात घेण्याआधी सांगा, नंतर नाही.

यात धंदा कुठे आहे?

इथेच आहे! फिल्टर एकदाच विकला जातो. उन्हाळ्याआधीची कूलिंग तपासणी दरवर्षी विकली जाते, आणि ती फक्त पोलोवाल्याला नाही, तर नागपूर रोडवर रोज धावणाऱ्या प्रत्येक गाडीला लागते. एका कागदावर कामाआधीचं आणि कामानंतरचं तापमान लिहून ग्राहकाच्या हातात द्या. "बघा, इतके अंश उतरले." हा कागद तो चार मित्रांना दाखवतो. उलट हेड गॅस्केट उडालेला ग्राहक चाळीस जणांना सांगतो.

कधी कधी मोजल्यावर कळेल की काहीच बदलायची गरज नाही. तेही सांगा आणि फक्त तपासणीचे पैसे घ्या. त्या दिवशी बिल लहान होईल, पण पुढच्या वेळी तो दुसऱ्या गॅरेजकडे बघणार नाही.

आजचं काम: मार्च उजाडण्याआधी तुमच्या तपासणीची यादी आणि दर एका पाटीवर लिहा आणि गॅरेजच्या दारात लावा. लावली की कमेंटमध्ये नक्की सांगा!