विंडोज बदलले, इनपेज उघडेना?

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. मग आपल्या नगर जिल्ह्यातही अनेकांनी विंडोज ११ घेतले, आणि जुने इनपेज रुसले.

१९९४ पासून याच इनपेजवर उर्दू प्रश्नपत्रिका, लग्नाचे रुक्के, मदरशांची पत्रके टाइप झाली. म्हणून आम्ही आधी एकच सांगतो: काहीही काढू नका, आयएनपी फाइल्स पेनड्राइव्हवर घ्या.

विंडोज ११ फक्त ६४-बिटमध्ये येते. फार जुन्या सॉफ्टवेअरचे १६-बिट इन्स्टॉलर त्यावर चालतच नाहीत. पण इनपेज बसलेले असेल, तर आयकॉनवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, मग कम्पॅटिबिलिटी उघडा आणि विंडोज ७ निवडून पाहा. बऱ्याचदा एवढ्यात काम होते. अपग्रेडला १० दिवस झाले नसतील, तर सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरीमधल्या ‘गो बॅक’ने मागे जाता येते. कॉपी चोरटी असेल तर अँटीव्हायरसच तिला अडवतो. त्याला बंद करून ती चालवण्याचा हट्ट नको.

खरी अडचण पुढे आहे. जुन्या इनपेजचा मजकूर युनिकोडमध्ये नाही. व्हॉट्सअॅपवर पेस्ट केला की नुसती चिन्हे! जुन्या श्रीलिपीतल्या मराठीचेही तेच. इनपेज चालतेय तोवर कन्व्हर्टरने मजकूर युनिकोडमध्ये आणा. हमजा, ऐराब आणि आकडे मात्र डोळ्यांनी तपासा, तिथेच गडबड होते. पहिली फाइल मोबाइलवर नीट वाचता आली, की मगच बाकीच्या घ्या. दहावीच्या प्रश्नपत्रिकांपासून सुरुवात केली तरी चालेल.