उलटी जोडलेली बॅटरी आणि मोटारीची वीज

बंगळूर शहराचा आणि विजेचा संबंध जुना आहे. कावेरीवरील शिवनसमुद्र येथे १९०२ साली जलविद्युत् केंद्र सुरू झाले आणि १९०५ साली या शहराचे रस्ते विजेच्या दिव्यांनी उजळले. त्याच शहरातील शिवाजीनगर हा भाग नावामुळे मराठी वाचकाला जवळचा वाटेल. शहाजीराजांच्या जहागिरीचे हे गाव. परंतु आज शिवाजीनगर म्हटले की रसेल मार्केटची गर्दी आणि मोटारींच्या सुट्या भागांची दुकाने डोळ्यांपुढे येतात. विजेच्या एका नित्याच्या अपघाताचा विचार करावयास ही जागा योग्य आहे.

समजा, पावसाळ्यातील एका पहाटे तेथील गल्लीत एक टॅक्सी उभी आहे. रात्री आतला दिवा चालू राहिल्याने बॅटरी उतरली आहे. शेजारचा मोटारवाला मदतीस येतो, दोन जाड तारा काढतो आणि अंधारात लाल तार ऋणाग्रास व काळी तार धनाग्रास जोडतो. मोठी ठिणगी उडते, जळका वास येतो, आणि तारा घाईने उपटल्या जातात. त्यानंतर टॅक्सीत दिवाही लागत नाही. जमलेल्यांपैकी एक म्हणतो, कॉम्प्युटर जळाला. दुसरा म्हणतो, सगळे वायरिंग बदला. ज्याचे पोट त्या गाडीवर चालते, त्याने कोणाचे ऐकावे? या प्रश्नाचे उत्तर अंदाजाने नव्हे, क्रमवार परीक्षेने मिळते.

चूक झाली म्हणजे नेमके काय झाले?

शिसे आणि गंधकाम्ल यांवर चालणारा संचायक घट फ्रेंच शास्त्रज्ञ गास्ताँ प्लान्ते यांनी १८५९ साली तयार केला. मोटारीच्या बॅटरीत असे सहा घट एकापुढे एक जोडलेले असतात. प्रत्येकाचा विद्युद्दाब सुमारे २.१ व्होल्ट, म्हणून पूर्ण भरलेल्या बॅटरीचा दाब सुमारे १२.६ व्होल्ट भरतो.

दोन बॅटऱ्या योग्य रीतीने, म्हणजे धनास धन व ऋणास ऋण अशा जोडल्या, तर त्यांचे दाब परस्परांसमोर उभे राहतात आणि त्यांतील थोड्या फरकामुळेच प्रवाह वाहतो. उलट जोडणीत मात्र दोन्ही दाब एकमेकांत मिळतात. एकीचे १२.६ आणि उतरलेल्या दुसरीचे ११ धरले, तर वर्तुळात २३.६ व्होल्ट होतात. तारा, चिमटे आणि बॅटऱ्यांचा अंतर्गत रोध मिळून केवळ ०.०५ ओहम असला, तर ओहमच्या नियमानुसार प्रवाह सुमारे ४७० अँपिअर होईल. मोटारीच्या पुढील एका दिव्यास साधारण ५ अँपिअर पुरतात, हे ध्यानात घेतले म्हणजे या आकड्याचा अर्थ कळेल. त्या क्षणी उत्पन्न होणारी उष्णता एक किलोवॅटच्या दहा शेगड्यांहून अधिक असते. तारांचे आवरण वितळते ते यामुळे.

दुसरे संकट अल्टरनेटरचे. तो प्रत्यावर्ती प्रवाह उत्पन्न करतो आणि सिलिकॉनचे डायोड त्यास एकदिश करतात. डायोड हा प्रवाहाचा एकतर्फी दरवाजा होय. बॅटरी सुलट असता तो तिचा प्रवाह अडवून धरतो. उतरलेल्या बॅटरीस दुसरी बॅटरी उलट दाबाखाली ढकलू लागली, की हाच दरवाजा सताड उघडतो आणि डायोड जळू शकतात. मोठा फ्यूज वेळीच तुटला, तर तेच डायोड वाचतात. म्हणून फ्यूज जळणे हे दुर्दैव मानू नये. पुष्कळदा तो पहारेकऱ्याने बजावलेला धर्म असतो.

परीक्षेचा क्रम

प्रथम डोळे आणि नाक यांचा उपयोग करावा. बॅटरी फुगली असेल, तडकली असेल किंवा पाझरत असेल, तर ती पुन्हा वापरू नये. अम्ल अंगास लागल्यास भरपूर पाण्याने धुवावे. भारित होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो. हवेत त्याचे प्रमाण ४ ते ७५ टक्क्यांच्या दरम्यान असले, तर एक ठिणगीही स्फोटास पुरते. म्हणून विडी, काडेपेटी आणि ओणवलेला चेहरा ही तिन्ही बॅटरीपासून दूर ठेवावीत.

दुसरी पायरी मीटरची. गाडी काही तास स्थिर असता बॅटरीचा दाब १२.६ व्होल्ट असेल तर ती भरलेली, १२.२ असेल तर सुमारे निम्मी आणि ११.९ च्या खाली गेली तर जवळजवळ रिकामी समजावी. भारित करूनही दाब १०.५ च्या आसपासच राहिला, तर सहांपैकी एक घट निकामी झाल्याचा संशय घ्यावा. मीटरच्या तारा बरोबर लावूनही आकड्यामागे उणे चिन्ह दिसले, तर बॅटरी उलट भारित झाली आहे, ती बदलावीच.

बॅटरी ठीक असूनही गाडीत काहीच चालत नसेल, तर तिसऱ्या पायरीवर मुख्य फ्यूज पाहावा. तो बॅटरीच्या अग्राजवळ किंवा इंजिनाशेजारच्या पेटीत असतो. बॅटरीची तार काढून त्याच्या दोन टोकांमध्ये मीटरने सलगता तपासावी, कारण काही फ्यूज दिसण्यात धड असूनही आतून तुटलेले असतात. जळालेल्या फ्यूजच्या जागी तांब्याची तार बांधण्याची सवय आपल्याकडे घरातून गाडीपर्यंत पोचली आहे. ती आग लावणारी सवय आहे. फ्यूजवर छापलेल्या अँपिअरचाच नवा फ्यूज घालावा. तो पुन्हा जळाला, तर पुढे कोठे तरी लघुमंडल, म्हणजे शॉर्ट, शिल्लक आहे. त्यानंतर लहान फ्यूज एकेक करून पाहावेत.

चौथी पायरी अल्टरनेटरची. इंजिन सुरू झाल्यावर बॅटरीवरील दाब साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट असावा. तो १२ च्या घरात राहून हळूहळू उतरत असेल, तर भारण होत नाही. मीटर प्रत्यावर्ती दाबावर ठेवून अर्ध्या व्होल्टहून अधिक तरंग दिसल्यास एखादा डायोड गेला असावा. इंजिन बंद असताना अल्टरनेटर ऊबदार राहणे आणि रातोरात बॅटरी उतरणे, हीही त्याच दोषाची लक्षणे होत.

पाचवी पायरी जोडण्यांची. किल्ली फिरवताच नुसते ‘कट्’ वाजले आणि सेल्फ फिरला नाही, तर सेल्फ जळाला असे लगेच म्हणू नये. सेल्फ फिरवण्याच्या प्रयत्नात बॅटरीचे ऋणाग्र आणि इंजिनाचा धातू यांमधील दाब मोजावा. तो अर्ध्या व्होल्टहून अधिक भरला, तर अर्थची पट्टी किंवा तिचे सांधे खराब आहेत. घासून आवळल्याने काम भागू शकते.

इलेक्ट्रॉनिक पेट्यांचा क्रमांक सर्वांत शेवटी. नव्या गाड्यांत दाब खाली गेला, की त्या पेट्या स्वतःच अनेक दोषांची नोंद करतात. ती यादी पाहून मालक घाबरतो. परंतु सुदृढ बॅटरी बसवून नोंदी पुसाव्यात आणि कोणत्या परत येतात ते पाहावे. जी परत येत नाही ती उतरलेल्या दाबाची सावली होती. जी परत येते, तिच्या पेटीचा फ्यूज, वीज व अर्थ तपासल्यावरच पेटीवर दोष ठेवावा.

आपल्या टॅक्सीकडे वळू. बॅटरी भारित झाली व टिकली, मुख्य फ्यूज बदलला आणि गाडी सुरू झाली. परंतु दाब १२.३ वरून वर जाईना. तेव्हा निदान स्पष्ट आहे: अल्टरनेटर खोलून त्याचे डायोड तपासावे. कॉम्प्युटर आणि संपूर्ण वायरिंग बदलण्याचा खर्च या मालकावर पडू नये, एवढ्यासाठीच ही सारी मोजमापे.

पुढच्या वेळी

दोन्ही बॅटऱ्या १२ व्होल्टच्याच आहेत ना, हे पाहावे; अनेक ट्रकांत २४ व्होल्ट असतात. जुन्या मोटारीची जोडणी मालकाकडून समजून घ्यावी, कारण १९६० च्या दशकापर्यंत अनेक ब्रिटिश मोटारींत धनाग्रच सांगाड्याशी जोडलेले असे. तारांच्या रंगावर विसंबू नये. बॅटरीवरील अधिक-उणे चिन्हे पुसून, दिव्याने पाहावीत. दोन्ही इंजिने बंद ठेवून लाल तार उतरलेल्या बॅटरीच्या धनाग्रास, तिचे दुसरे टोक मदतीच्या धनाग्रास, काळी तार मदतीच्या ऋणाग्रास आणि शेवटचे टोक बंद गाडीच्या इंजिनाच्या उघड्या धातूस, बॅटरीपासून दूर जोडावे. शेवटची ठिणगी तेथे पडली, तर हायड्रोजनपासून लांब पडते. काढताना नेमका उलटा क्रम घ्यावा. इंजिन चालू असता बॅटरीची तार मात्र कधीही काढू नये. अल्टरनेटरचा दाब क्षणात उसळून वाचलेल्या पेट्याही जळू शकतात.

मदतीस धावणे ही चांगली गोष्ट आहे. ती करण्यापूर्वी चिन्हे पाहण्यास अर्धे मिनिट लागते, आणि ते न दिल्याची किंमत पुष्कळदा ज्यास मदत केली त्यालाच भरावी लागते.