ट्रॅक्टरचा ब्रेक कमी लागत असल्यास
कांद्याने भरलेली ट्रॉली विंचूर उपबाजाराकडे निघाली की ब्रेकची खरी परीक्षा होते. बहुतेक ट्रॅक्टरांचे ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना असतात.

तपासणी ट्रॉली सोडून, सपाट मोकळ्या जागी करावी. दोन्ही पेडले कडीने जोडून, सावकाश चालत्या ट्रॅक्टरवर दाबावीत. ट्रॅक्टर डावीकडे ओढला, तर उजवा ब्रेक कमी लागतो असे समजावे. शेतात वळताना एकच पेडल वारंवार वापरल्याने असे होते. दोन्हींची मोकळी चाल माहितीपुस्तिकेप्रमाणे सारखी करावी.

तरीही कोरडा ब्रेक घसरत असेल, तर लायनिंगवर तेल उतरले असावे. नुसते लायनिंग बदलणे हा वाया खर्च. गळके ऑइल सील आधी बदलावे. तेलातील ब्रेक असल्यास तेलाची पातळी व प्रत पाहावी. दुरुस्ती होईपर्यंत ट्रॉली जोडू नये, मग बाजारभाव कितीही चढलेला असो.