एका रात्रीच्या मुक्कामाचा धंदा

वाचकहो, आपल्याकडे हॉटेल म्हटले की चहा, भजी, फार तर मिसळ डोळ्यांपुढे येते. पण मोठ्या शहरांत आणि परदेशात हॉटेल म्हणजे मुख्यतः मुक्कामाची जागा. आपली धर्मशाळा असते ना, तशीच. फरक एवढाच की तिथे भाडे मोजावे लागते आणि खाट, गादी, पाणी सगळे मालक पुरवतो. एकाच नावाची अशी शेकडो हॉटेले देशोदेशी असतात. एकाच मालकाने ती सगळी कशी बांधली असतील? खरे म्हणजे त्याने ती बांधलीच नाहीत. ती कशी उभी राहिली, ते आम्ही येथे सांगणार आहोत.

अमेरिकेत मिसिसिपी या मोठ्या नदीच्या काठी मेम्फिस नावाचे शहर आहे. तिथे केमन्स विल्सन नावाचा गृहस्थ राहत असे. त्याचा जन्म 1913 सालचा. तो वर्षाचाही झाला नव्हता, तेव्हाच बाप वारला. आईने नोकरी करून त्याला वाढवले. पुढे आईची नोकरी सुटली, तेव्हा पोराने शाळा सोडली. आम्हां मास्तरांना हे ऐकायला बरे वाटत नाही, पण झाले ते असे. एका सिनेमागृहापुढे तो मक्याच्या लाह्या विकू लागला. लाह्यांचे यंत्र 50 डॉलरचे, तेही उधारीवर. आठवड्याला एक डॉलर हप्ता. आपला जसा रुपया तसा तिकडचा डॉलर. लाह्या इतक्या खपल्या, की सिनेमाच्या मॅनेजरपेक्षा या पोराची कमाई जास्त होऊ लागली. मग काय! मॅनेजरने ते यंत्र त्याच 50 डॉलरना आपल्याकडे घेतले आणि पोराला तिथून उठवले. पुढे विल्सनने घरे बांधण्याचा धंदा केला आणि त्यात त्याला पैसा मिळाला.

1951 साली तो बायको आणि पाच मुले घेऊन मोटारीने वॉशिंग्टनला निघाला. वाटेत रात्री रस्त्याकाठच्या उतारघरांत मुक्काम. खोलीचे भाडे 6 डॉलर सांगत, पण प्रत्येक मुलामागे 2 डॉलर वर घेत. मुले निजणार आई-बापांच्याच खोलीत, तरी पैसे वेगळे. हिशेब करून पाहा. पाच दुणे दहा, आणि सहा, म्हणजे 16 डॉलर झाले. जागा स्वच्छ निघेल याचाही भरवसा नाही. विल्सन चिडला, पण चिडून गप्प बसला नाही. परतीपर्यंत तो मुक्कामाच्या खोल्या टेपने मोजत राहिला. खोली केवढी हवी, काय हवे, काय नको, हे त्याने मनाशी पक्के केले.

1952 च्या ऑगस्टमध्ये मेम्फिसला त्याचे पहिले हॉटेल उघडले. खोल्या 120. एका माणसाला 4 डॉलर, दोघांना 6. आई-बापांबरोबरच्या लहान मुलांना फुकट. नाव ठेवले ‘हॉलिडे इन’. हॉलिडे म्हणजे सुट्टी, इन म्हणजे उतरायचे घर. हे एका सिनेमाचे नाव होते. नकाशा काढणाऱ्याने ते गंमत म्हणून कागदावर लिहिले आणि तेच टिकले. थोड्याच काळात शहरात येणाऱ्या इतर मोठ्या रस्त्यांवर आणखी तीन हॉटेले झाली. पाहुणा कुठल्याही दिशेने येवो, हॉलिडे इनची पाटी दिसणारच.

पण देशभर हॉटेले बांधायला पैसा कोठला? मग विल्सन आणि त्याचा भागीदार वॉलेस जॉन्सन यांनी नाव वापरायची परवानगी विकायला काढली. ज्याला हॉटेल काढायचे, त्याने जागा स्वतः घ्यायची, कर्ज स्वतः काढायचे, इमारत स्वतः बांधायची. कंपनीने नकाशा द्यायचा, कामाची रीत शिकवायची आणि हिरवी-पिवळी झगमगती पाटी लावू द्यायची. त्याबद्दल सुरुवातीला ठरावीक रक्कम आणि पुढे खोल्यांवर हप्ता. पूर्वी शाळा तपासायला दिपोटी येत, तसे कंपनीचे तपासनीस येत. चादर मळकी, नळ गळका दिसला तर शेरा. सुधारणा झाली नाही तर पाटी उतरवायची.

ही युक्ती नीट समजून घ्यावी, कारण आज खाण्याची दुकाने, पेट्रोल पंप, शिकवणीचे वर्गसुद्धा याच पद्धतीने चालतात. पाहुण्याला लाभ हा, की अनोळखी गावी रात्री उतरले तरी आत काय मिळेल ते आधी ठाऊक असते. कंपनीला लाभ हा, की तिचे पैसे फारसे अडकत नाहीत. हॉटेल चालले तर दोघांचा फायदा. बुडाले तर कर्ज मात्र एकाच्याच डोक्यावर राहते. कोणी आपल्याला अशी पाटी घ्यायला सांगितले, तर करारात हे कलम आधी वाचावे, असे आमचे मत आहे.

1956 साली अमेरिका सरकारने देशभर मोठे रस्ते बांधायचा कायदा केला. रस्ते वाढले तशी हॉटेले वाढली. 1958 साली 50, 1959 साली 100, 1964 साली 500 आणि 1968 साली 1000. त्याच 1968 साली युरोपात, नेदरलंड्समधील लायडेन गावी, हॉलिडे इन उघडले. 1965 पासून तर एका गावातून दुसऱ्या गावची खोली यंत्राने राखून ठेवता येऊ लागली. रस्त्याकाठची जुनी, घरगुती उतारघरे मात्र पुष्कळ ठिकाणी मोडली.

आणखी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. अमेरिकेच्या दक्षिण भागात त्या काळी गोऱ्यांच्या हॉटेलात काळ्या माणसाला खोली मिळत नसे. खिशात पैसे असून बायका-पोरांसह मोटारीत रात्र काढावी लागे. आपल्या बाजूलाही धर्मशाळेच्या पायरीवरून परत पाठवलेली माणसे होती. त्यांना हे निराळे समजावून सांगायला नको. 1964 साली तिकडे कायद्याने ही बंदी उठली. अटलांटा शहरातील एक हॉटेलवाला त्याविरुद्ध भांडत सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि त्याच वर्षी हरला.

1973 साली जगात तेल महागले. मोटारीचा प्रवास घटला आणि अनेक उतारघरे पडेल किमतीला विकायला निघाली. ती घेणाऱ्यांत आपले शेजारी गुजराती पुष्कळ होते, बहुतेकांचे आडनाव पटेल. घरातली माणसेच खोल्या झाडत, चादरी धूत, रात्री जागत. त्यांना विमा कंपन्या दाराशी उभ्या करत नसत. शेजारचे हॉटेलवाले तर ‘मालक अमेरिकन’ अशा पाट्या लावत. शेवटी 1989 साली त्यांनी अटलांटात स्वतःची संघटना काढली. आज अमेरिकेतील निम्म्याहून अधिक हॉटेले भारतीय वंशाच्या मालकांची आहेत. त्यांपैकी कित्येकांवर मोठ्या कंपन्यांच्याच पाट्या आहेत.

विल्सन 1979 साली कामातून निवृत्त झाला. पुढे बास नावाच्या, बीअर बनवणाऱ्या इंग्रज कंपनीने हॉलिडे इन विकत घेतली. 1990 साली तो व्यवहार पुरा झाला. आता हे नाव ज्या इंग्रज कंपनीकडे आहे, तिच्या निरनिराळ्या नावांची मिळून 6,000 हून जास्त हॉटेले जगात आहेत. त्यांतल्या फारच थोड्या इमारती तिच्या मालकीच्या आहेत. विल्सन 2003 साली मेम्फिसलाच वारला. त्याचे ते पहिले 120 खोल्यांचे हॉटेल पाडून टाकले आहे. ते कोठे होते, हे सांगणारी एक पाटी तेवढी रस्त्याकडेला उभी आहे.